लावणी, पण भाताची

माझ्या वडिलांना दर सात महिन्यांनी ब्रेक मिळायचा. ते उरवड्यातल्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होते. कंत्राटी माणूस सलग राहिला तर उद्या ‘मला कायम करा’ म्हणेल, म्हणून त्याला मधेच महिना-दीड महिना घरी बसवायचं आणि मग नवीन माणूस म्हणून परत घ्यायचं, अशी रीत होती. वडील त्या कारखान्यात अकरा वर्षं नवीन होते. मी आणि धाकटा भाऊ ब्रेक म्हणजे सुट्टी समजायचो. बाबा दुपारचे घरी दिसले की आम्ही उड्या मारायचो आणि आई आम्हाला उगाच धपाटे घालायची. ते उगाच नव्हते, हे पुढे कळलं.

ब्रेकमध्ये घर आईच्या कमरेवर चालायचं. हे मी अक्षरशः सांगते आहे. आमची स्वतःची शेती नव्हती. पावसाळ्यात आई दुसऱ्यांच्या खाचरांत भात लावायला जायची. आज उरवडे, उद्या कासार आंबोली, जिथून सांगावा येईल तिथे. सकाळी वाकलेली बाई जेवायच्या सुट्टीला सरळ व्हायची आणि मग पुन्हा दिवस मावळेपर्यंत वाकायची. पाय चिखलात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या. त्यावर औषध म्हणजे वाटलेली मेंदी. लोकांच्या घरात मेंदी लग्नाला भिजवतात, आमच्या घरात आषाढात भिजायची. ती लावून आई पाय पसरून बसली की बाबा तिला ‘नवरी’ म्हणायचे. आई हसायची नाही.

भात लावणारी बाई मागे सरकते. हे लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं रामायण याच्यावरूनच झालं. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने तीन-चार काड्या चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागे. पुढे सरकलात तर लावलेलंच तुडवाल. म्हणजे डोळ्यांसमोर झालेलं काम असतं आणि जायचं ठिकाण पाठीमागे.

त्या घरातून मी शिकले आणि बी.सी.एस. झाले. आईकडच्या आणि बाबांकडच्या, दोन्ही घराण्यांत पहिली पदवी माझी. हे मी मिरवते. मिरवण्यासारखं आहे म्हणून मिरवते. ज्यांच्या घरी आजोबांपासून डिग्र्या टांगलेल्या आहेत त्यांनी नम्र राहावं, त्यांना परवडतं.

गेली चौदा वर्षं मी मोबाइलवरचे गेम बनवायचं काम करते. लग्नकार्यात बायका विचारतात, म्हणजे तू नक्की काय करतेस गं? मी सांगते, मी माणसांना अडवते. खड्डा कुठे खणायचा, भिंत किती उंच ठेवायची, घड्याळ किती सेकंदांचं लावायचं, हे ठरवणं माझं काम. फार सोपं केलं तर माणूस कंटाळून उठतो, फार अवघड केलं तर चिडून उठतो. या दोहोंच्या मध्ये एक बारीक जागा असते. तिथे तो दहा वेळा पडतो आणि अकराव्यांदा स्वतःच्या मर्जीने उभा राहतो. ती जागा शोधायचा मला पगार मिळतो.

या अंकाच्या संपादकांनी ‘गेमवरून सिनेमा करताना कोणत्या अडचणी येतात’ यावर लिहायला सांगितलं. अडचण एकच येते, सिनेमावाले. पण एवढ्यावर पान भरत नाही, म्हणून जरा तपशिलात सांगते.

सिनेमावाला गेम खेळत नाही. तो गेमचे डाउनलोड बघतो. एवढ्या लोकांकडे हे आहे, त्यातले निम्मे जरी तिकीट काढून आले तरी आपलं भलं झालं, असं त्याचं गणित. आमच्या कंपनीचा एक भाज्यांचा गेम होता. तीन वांगी एका ओळीत आणली की फुटतात, तीन टोमॅटो आणले की फुटतात, बस. बँकेच्या रांगेत उभं राहून खेळायचा गेम. त्यावर सिनेमा करायचा म्हणून मुंबईहून दोन गृहस्थ आले आणि त्यातल्या एकाने मला गंभीरपणे विचारलं, ह्या वांग्याचा भूतकाळ काय आहे? मी म्हटलं, भरीत होईपर्यंत त्याला फक्त भविष्य असतं. त्यांनी ते लिहून घेतलं. वांगं आणि टोमॅटो यांच्या घरांत वैर आहे आणि भेंडी मध्ये पडते, इथपर्यंत ती गोष्ट गेली होती. मग त्यांना दुसरं काहीतरी मिळालं आणि भाज्या वाचल्या.

दुसरा गेम ताम्हिणी घाटात ट्रक चालवण्याचा. त्यात ट्रकवाल्याला आम्ही तोंडच दिलं नव्हतं. मुद्दाम. गेममधला नायक म्हणजे रिक्षाची मागची सीट. जो येईल त्याने बसायचं. सिनेमावाल्यांनी त्या सीटवर एक गोरा, पिळदार नट कायमचा बसवून टाकला. झलक आली तेव्हा आमच्या एका जुन्या खेळाडूने, पिरंगुटच्या खऱ्याखुऱ्या टेम्पोवाल्याने, कंपनीला निरोप पाठवला: घाट मी उतरवला आणि फोटो ह्याचा का?  तो सिनेमा पुरा झालाच नाही, एवढीच त्याची मेहेरबानी.

तिसरा गेम माझा. म्हणजे कंपनीचाच, पण माझा.

सगळे गेम पुढे पळतात. एका बैठकीत मी म्हटलं, मागे सरकणारा गेम करू. खाचरात एक बाई आहे. पडद्यावर तुम्हाला फक्त लावलेल्या ओळी दिसतात. पाठीमागे बांध आहे, दगड आहे, खोल चिखल आहे, पण तो दिसत नाही. ठेचकाळलात की बसकण मारलीत, पुन्हा पहिल्या ओळीपासून. पहिल्या नमुन्यात मी मान वळवून मागे बघायचं एक बटण ठेवलं होतं. तो नमुना आईच्या हातात दिला. तिने चष्मा लावून, अंगठा जिभेला लावून, वहीचं पान उलटावं तसा गेम खेळला आणि विचारलं, “ही सारखी मागं कशापायी बघती? शेजारीण सांगती की.”

बरोबर होतं. खाचरात बायका ओळीने असतात. बांध जवळ आला की कडेची सांगते, दगड असला की पलीकडची सांगते. मान कोणीच वळवत नाही, कारण वळवली की ओळ वाकडी जाते. मी ते बटण काढून टाकलं आणि बायकांचे आवाज घातले. डाव्या कानात एकीचा, उजव्या कानात दुसरीचा. ‘सर मागं’, ‘दगुड हाय, डावीकडं हो’, ‘बांध आला गं’. कान देऊन खेळायचा गेम झाला. चौदा वर्षांत मला सुचलेली सगळ्यात चांगली गोष्ट मला सुचलेली नाही, ती अशी.

घोळ नावाने घातला. आमच्याकडे भात लावण्याला आवणीही म्हणतात आणि लावणीही. मला ‘आवणी’ हवं होतं. गेम विकणारा आमचा सहकारी पुण्यातला. तो म्हणाला, आवणी कुणाला कळणार? ‘लावणी’ ठेवू. मी म्हटलं, लोक घोटाळा करतील. तो म्हणाला, करू देत, डाउनलोड तर करतील.

केले की. खाली अभिप्राय यायला लागले. ‘नाचणारी कुठे आहे?’ एक तारा. ‘तासभर चिखलात उभा आहे, ढोलकी सुरू होत नाही.’ एक तारा. ‘चिखल चांगला केलाय पण फसवणूक आहे.’ त्याने चिखलाचे दोन दिले होते. पण नाचासाठी आलेल्यांतले बरेच टिकले, एकमेकांना ओळींचे आकडे सांगायला लागले आणि गेम गाजला.

गाजला म्हणून शेठ आले. नांद्याकडची जमीन टॉवरवाल्यांना देऊन मोकळे झालेले, आता सिनेमा काढायचा ध्यास घेतलेले. त्यांना सगळेच शेठ म्हणत, मीही म्हणते. गेमचे हक्क त्यांनी नाव ऐकूनच घेतले होते. करार होऊन गेल्यावरच्या पहिल्या बैठकीत ते खुशीत म्हणाले की, लावणीवर पिक्चर काढायची लई दिवसांची इच्छा होती. मी फोनवर गेम सुरू करून त्यांच्या पुढ्यात ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले. बाई वाकलेली. बाई मागे सरकली. बाई वाकलेली.

“हिला सरळ कवा करायची?” त्यांनी विचारलं.

“शेठ, ही भाताची लावणी आहे.”

“नाचाची न्हाई?”

“नाही.”

आमच्या कंपनीचे साहेब छताकडे बघायला लागले. शेठ मात्र चिडले नाहीत. आमच्या रानात बी बाया यायच्या की लावायला, म्हणाले. मी म्हटलं, त्यातली एखादी माझी आई असेल. ते मनापासून खूश झाले. मग बसल्या जागी त्यांनी तोडगा काढला: दोनी लावण्या घेऊ. दिवसा भाताची, रातीला नाचाची. बाई तीच.

हसू नका. त्या एका वाक्यावर पुढे वर्षभर सहा माणसं पगार घेत होती आणि त्यातली एक मी होते. हुद्दा ‘गेम सल्लागार’. सिनेमात सल्लागार म्हणजे लग्नातला लांबचा मामा; फोटोत बोलावतात, विचारत काही नाहीत.

मी ठरवून टाकलं की नाच घालू देत, गाणी घालू देत, नायक आणू देत, मला एकच गोष्ट वाचवायची आहे. बाई मागे सरकली पाहिजे. तेवढं गेलं तर गेममधलं काहीच उरत नाही, आणि आमच्या आईच्या जन्मातलंही फारसं उरत नाही. करारात तसं लिहिलेलं नव्हतं. दिग्दर्शक समीर कोथरूडचा, सुशिक्षित, मला मॅडम म्हणणारा. तो म्हणाला, “नक्की मॅडम, तोच तर आत्मा आहे.” आत्मा म्हटलं की समजावं, देह जाळायची तयारी झाली.

मग लेखनाच्या बैठका सुरू झाल्या. खलनायक कोण, असा प्रश्न निघाला. मी म्हटलं, चिखल. चिखलाला संवाद नसतात म्हणून एक सावकारासारखा दिसणारा नट आला. बाई गेममध्ये शंभरदा पडते, इथे किती वेळा पाडायची? शेठचं मत, एकदाच, आणि तेव्हा हिरोने उचलायची. माझ्या गेममध्ये तिला कुणी उचलत नाही, ती ढुंगण झटकून पुन्हा पहिल्या ओळीला जाते, हे मी सांगितलं. ‘ढुंगण’ या शब्दावर सगळे थबकले आणि मुद्दा राहून गेला.

शेवटी मुद्दा निघालाच. समीर म्हणाला, नायिका सारखी मागे मागे जाते, त्यामुळे ती हरते आहे असं वाटतं. प्रेक्षकाला तिची प्रगती दिसायला हवी. ती कॅमेऱ्याकडे तोंड करून, लावत लावत पुढे आली तर? सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रगती या शब्दापुढे आमच्यासारख्या शिकलेल्या माणसांचं काही चालत नाही. मी विरोध केला, दोन खेपा केला. तिसऱ्या खेपेला, वर्षभर चालत आलेलं काम माझ्यापाशी अडू नये म्हणून, मीच तो प्रसंग लिहून दिला. माझ्या अक्षरात आहे तो कागद: ‘ती रोप लावत पुढे येते.’

त्या रविवारी घरी आईला मी तो वाचून दाखवला. का दाखवला माहीत नाही. शाबासकी हवी असेल. ती तांदूळ निवडत होती.

“कुटल्या गावची गं ही बाई?”

“सिनेमातली आहे.”

“मंग तिला खाचरात कशाला आणली?” थोडा वेळ ती निवडतच राहिली. मग म्हणाली, “वैशे, हे तू लिवलंस व्हय?”

मी हो म्हणाले. तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. रागावली असती तर बरं झालं असतं.

शूटिंग मार्च महिन्यात होतं. भातलावणीचं शूटिंग मार्चमध्ये का, असं विचारायचं नसतं. नायिकेच्या तारखा मार्चमध्ये होत्या. कासार आंबोलीत एका बंगल्याशेजारचं खाचर भाड्याने घेतलं, टँकरने पाणी सोडून चिखल केला. मार्चमध्ये भाताचं रोप मिळेना म्हणून सजावटवाल्यांनी मंडईतून कांद्याचं रोप आणलं. लांबून हिरवं दिसतं, म्हणाले. गर्दीसाठी उरवड्याच्या बारा बायका बोलावल्या होत्या. त्यांत आमची आई आणि तिच्या शेजारची हौसाकाकू. हौसाकाकूने एक मूठ उचलून वास घेतला आणि जाहीर केलं, “चला गं, आज झुणका लावायचाय.”

सहायक दिग्दर्शकाने कर्ण्यातून सूचना दिली: सगळ्या मावशींनी नायिकेच्या मागे ओळीत उभं राहायचं आणि लावत लावत कॅमेऱ्याकडे पुढे यायचं. नायिकेने सुरुवात केली. बायका जागच्या हलल्या नाहीत. पुन्हा सूचना. पुन्हा तेच. तो बांधावरून धावत आला.

“मावशी, पुढे या ना.”

“रोपावर पाय द्यायला आमी काय म्हशी हाव का?” हौसाकाकू म्हणाली.

“अहो, पण ते कांदे आहेत.”

“कांदा असंना. रोप हाय न्हवं?”

बारा बायका चिखलात कमरेवर हात देऊन उभ्या. त्यांतली एकही माझ्याशी आधी बोललेली नव्हती, काही ठरलेलं नव्हतं. रोपावर पाय द्यायचा नसतो, एवढंच त्यांना माहीत होतं आणि तेवढं त्यांना पुरत होतं. मला इतकी वर्षं शिकून पुरलं नव्हतं.

तिकडे नायिका पुढे यायच्या प्रयत्नात दुसऱ्यांदा पडली होती. चिखलात पुढे टाकलेला पाय रुततो आणि वाकलेलं अंग तोंडावर जातं. शेठ खुर्चीतून उठले. समीर माझ्याकडे आला. “मॅडम, तुम्ही समजवा ना त्यांना. प्रसंग तुमचाच आहे.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही.

“प्रसंग चुकीचा आहे,” मी म्हटलं. “आणि तो मीच लिहिलाय. भात असा लावत नाहीत, हे मला पाचव्या वर्षापासून माहीत आहे.”

शेठनी विचारलं, मग आता काय करायचं म्हणता? मी काही बोलायच्या आत नायिकाच बोलली. तिच्या नाकाला चिखल लागलेला. ती आईला म्हणाली, “मावशी, तुम्ही दाखवा. मला उभंसुद्धा राहता येत नाहीये.”

आई तिच्या शेजारी जाऊन वाकली. “मागं बघू नको. मी सांगते तवा सर.”

दहा-बारा ओळींत ती मुलगी सरकायला लागली. समीरने ते पाहिलं आणि त्याच्यातला दिग्दर्शक जागा झाला, हे त्याच्या श्रेयात लिहिते. त्याने कॅमेरा बांधावर न्यायला सांगितला. नायिकेची पाठ आणि मागचा दगड एकाच चौकटीत घेऊ म्हणाला. मी त्याचा हात धरला. साध्या शब्दांत सांगितलं: दगड दाखवलास की प्रेक्षक शहाणा होतो आणि ती बाई मूर्ख ठरते. माझ्या गेममध्ये जे तिला दिसत नाही, ते खेळणाऱ्यालाही दिसत नाही. तिच्यासारखा तोही कानावर विसंबून पाय टाकतो. तेवढं एक जरी सिनेमात आलं, तर मी तुला गेमवरून सिनेमा केलास म्हणेन.

त्याने बांधावरून एकदा खाचराकडे पाहिलं. मग म्हणाला, “म्हणजे कॅमेराही मागेच सरकायला हवा.”

कॅमेरामनने पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, कॅमेरा खांद्यावर घेतला आणि तो नायिकेच्या शेजारी ओळीत वाकून उभा राहिला. त्याच्या एका बाजूला हौसाकाकू. पहिल्या खेपेला तो चिखलात बसला, कॅमेरा मात्र लेकरासारखा वर धरलेला. दुसऱ्या खेपेलाही बसला. आम्ही गेमवाले जे पडणं विकतो, तेच सिनेमावाले कापून टाकतात, एवढाच आमच्यात फरक आहे, हे मला तेव्हा बांधावर कळलं. पडतात तेही तितकेच. तिसऱ्या खेपेला हौसाकाकूने त्याला दरडावलं, “माझ्या आवाजावर चाल, बाबा. तुजं डोकं चालवू नको.” आणि तो सरळ सरकत गेला. तीन मिनिटं. हात, रोप, लावलेल्या ओळी, दोन बाजूंचे आवाज. ‘बांध आला गं’ म्हटल्यावर नायिकेची टाच बांधाला लागली तेव्हा शेठसुद्धा बोलले नाहीत.

नंतर बोलले. संकलनाच्या खोलीत बोलले. तीन मिनिटं नुसती बाई वाकलेली, लोक उठून जातील. संगीतकाराने त्यावर ढोलकी चढवली होती. मी तिथे तीनदा गेले. सल्लागाराने तिथे जायचं नसतं, चहाही मिळत नाही. दरवेळी एकच बोलले, की कापा, पण ढोलकी काढा. ढोलकीत बायकांचा आवाज बुडतो आणि आवाज बुडला की ती बाई आंधळी होते. शेठ तिसऱ्या दिवशी वैतागले. “म्याडम, एक्केचाळीस सेकंद. ढोलकी काढतो. वर एक सेकंद मागायचा न्हाई.”

मी मागितला नाही. अजून भांडले असते तर मिनिटभर मिळालं असतं, असं अधूनमधून वाटतं.

सिनेमा लागला आणि दोन आठवड्यांत उतरला. गेमवाले म्हणाले, हा आमचा गेम नाही. नाचवाले म्हणाले, नाच कमी आणि चिखल जास्त. एका परीक्षकाने लिहिलं की नायिका काही काळ उलटी का चालते, याचा उलगडा होत नाही. त्याच्या घरी भात होत असावा, पण कुकरमध्येच.

पहिल्याच आठवड्यात मी आईला आणि बाबांना उरवड्याहून कोथरूडला नेऊन सिनेमा दाखवला. नाच सुरू झाला की आई पर्समध्ये काहीतरी शोधायची. खाचर आलं तेव्हा पर्स बंद करून ती पुढे सरकून बसली. संपल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, “हां. अशी.” बस, एवढंच.

सिनेमा दोन तास अकरा मिनिटांचा आहे. त्यात एक बाई एक्केचाळीस सेकंद भात लावते, मागे सरकत लावते, आणि तेवढा वेळ ढोलकी वाजत नाही.